कल्ले फिके पडले म्हणून माशांना लोहाचं टॉनिक द्यावं का?

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बागेसाठी केलेल्या प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात त्यांनी रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडले आहेत. पाणी म्हैसाळ योजनेचं. आठवड्याभरापासून रोज दहा-बारा मासे मरून वर येतायत. परांच्या बुडाशी लाल चट्टे, काहींची पोटं फुगलेली, खवले उभे राहिलेले, आणि कल्ले उघडून पाहिले तर लालभडक असायचे ते फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरे. खाद्य विकणाऱ्याने सांगितलं, "रक्त कमी झालंय, कोंबड्यांना देतात ते लोहाचं टॉनिक खाद्यातून द्या." बी.एस्सी.ला असलेली मुलगी म्हणते, "बाबा, जीवाणू माशाच्या अंगातलं लोह चोरून वाढतात, लोह देऊ नका." दोघांपैकी खरं कोणाचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मुलीचं खरं आहे. टॉनिक देऊ नका, बाटली आणली असेल तर फडताळात ठेवून द्या. पण ती म्हणते ते का खरं आहे हे नीट समजून घेतलंत तर पुढच्या खेपेला असा प्रश्न तुमचा तुम्हालाच सोडवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मिरजेत राहते, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात वर्षं गेली, आणि गेली वीसेक वर्षं सांगली-सातारा भागातल्या शेततळ्यांचे आणि तलावांचे आजारी मासे तपासते आहे.

सुरुवात तुमच्या बागेपासून करू, कारण हे कोडं तुम्ही दर हंगामात सोडवता. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती तपासून आणली तर मातीत लोह भरपूर. मग वेलाला ते का मिळत नाही? आपल्या चुनखडीच्या जमिनीत सामू आठाच्या वर गेला की लोह गंजून घट्ट होतं, पाण्यात विरघळतच नाही. म्हणून तुम्ही चिलेटेड फेरस आणता. चिलेट म्हणजे लोहाच्या अणूला चिमट्यात धरून ठेवणारा रेणू. धरलेलं लोह मातीला चिकटत नाही, मुळापर्यंत पोचतं. ऊसवाले हिराकस शेणखतात मुरवून टाकतात, त्यामागेही हेच तत्त्व.

माशाच्या अंगात शिरलेल्या जीवाणूसमोर हीच अडचण असते, फक्त कितीतरी बिकट. आजूबाजूला लोह रग्गड, पण सगळं कुलपात. सर्वांत मोठा साठा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये. यकृतात आणि प्लीहेत फेरिटिन नावाची गोल पेटी असते, एका पेटीत साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. रक्तद्रवात जे थोडं फिरतं असतं तेही मोकळं नसतं. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन एका वेळी दोन अणू घट्ट पकडून नेतं. सस्तन प्राण्यांच्या रक्तद्रवासाठी शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा एका लिटरमागे मोकळा अणू जेमतेम एखादा भरला. जीवाणूला वाढायला लागतं ते याच्या अब्जावधी पट. माशांच्या रक्तातही ट्रान्सफेरिन हेच राखणीचं काम करतं.

ही राखण आहे हे लक्षात आलं त्याची गोष्ट तुमच्या मुलीला आवडेल. १९४४ साली शेड आणि कॅरोलिन या दोघा संशोधकांनी दाखवलं की अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकात जीवाणू वाढत नाहीत, पण त्यात लोह घातलं की लगेच वाढायला लागतात. बलकातलं लोह पकडणारं प्रथिन ट्रान्सफेरिनच्याच कुळातलं निघालं. दोन वर्षांनी त्यांना माणसाच्या रक्तातही तसलंच प्रथिन सापडलं. म्हणजे आत येणाऱ्याला उपाशी ठेवणं ही शरीराची फार जुनी युक्ती आहे. अंड्यात आहे, माणसात आहे, रोहूतही आहे.

संसर्ग झाला की ही राखण आणखी कडक होते. यकृत हेप्सिडिन नावाचं छोटं प्रथिन सोडतं. पेशींमधून लोह रक्तात सोडणारं एक दार असतं, हेप्सिडिन ते दारच मोडून टाकतं. मग लोह पेशींच्या आत अडकतं, रक्तातलं उतरतं. माशांमध्येही हेप्सिडिन आहे, २००० नंतरच्या पहिल्याच दोन-तीन वर्षांत ते सापडलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आजारी माशाच्या रक्तद्रवात लोह कमी दिसलं तर ती उणीव असेलच असं नाही. माशाने ते मुद्दाम आत ओढून घेतलेलं असतं. त्याने लावलेलं कुलूप आपण बाहेरून टॉनिक ओतून उघडायचं का?

आता चोराची बाजू. जीवाणूंकडे लोह मिळवायच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट तुमच्या चिलेटेड फेरससारखीच. जीवाणू स्वतःचं चिलेट तयार करून बाहेर सोडतो. त्याला सिडेरोफोर म्हणतात, ग्रीकमध्ये अर्थ होतो लोह वाहणारा. हा रेणू ट्रान्सफेरिनच्या मुठीतून लोह हिसकावतो आणि परत जीवाणूकडे येतो. जीवाणूच्या बाहेरच्या आवरणावर त्याच्यासाठी बरोबर मापाचं दार असतं. ते दार उघडायला लागणारी ताकद आतल्या आवरणातून येते, टॉन-बी नावाचं प्रथिन ती बाहेरच्या दारापर्यंत पोचवतं. आपल्या गोड्या पाण्यात लाल चट्टे, फुगलेलं पोट आणि उभे खवले दिसले की पहिला संशय एरोमोनास हायड्रोफिला या जीवाणूवर जातो. त्याच्या बऱ्याच वाणांकडे ॲमोनाबॅक्टिन नावाचा सिडेरोफोर असतो, आणि ट्रान्सफेरिनने धरलेलं लोहही तो काढून घेऊ शकतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. श्विन आणि नीलँड्स या शास्त्रज्ञांनी १९८७ साली दिलेली, जीवाणू वाढवायची एक निळी बशी आहे. बशीतल्या आगरमध्ये, म्हणजे ज्या घट्ट खळीवर जीवाणू वाढवतात तिच्यात, असा रंग घालायचा की लोह धरलेलं असताना तो गडद निळा दिसतो आणि लोह निघून गेलं की नारिंगी. एका रोहूच्या मूत्रपिंडातून वाढवलेला जीवाणू मी अशा बशीत ठेवला होता. संध्याकाळी फक्त एक पांढुरका ठिपका होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्याभोवती नखाएवढं नारिंगी कडं, आणि पलीकडे सगळं निळंच. दुपारपर्यंत कडं रुंदावलं. जीवाणू जागचा हलला नव्हता, त्याने फक्त चिमटे बाहेर पाठवले होते. माझ्या वर्गातली मुलं ती बशी खिडकीशी धरून बराच वेळ बघत बसली. पुस्तकातली चार पानं एवढं पटवत नाहीत. अर्थात बशीत नारिंगी कडं आलं म्हणजे तो जीवाणू रोगीच असतो असं नाही. मातीतले, पाण्यातले कितीतरी निरुपद्रवी जीवाणूही सिडेरोफोर करतात.

मग या चिमट्यांनीच मासा मरतो हे कशावरून? याचं सर्वांत चांगलं उत्तर समुद्रातल्या एका जीवाणूने दिलं, व्हिब्रिओ अँग्विलॅरम. सॅमन, ईल अशा माशांचा तो जुना वैरी. आपल्या तळ्यात तो सापडणार नाही, पण त्याच्यावरचं काम माहीत असायला हवं. हॉर्हे क्रोसा या शास्त्रज्ञाने १९८० साली दाखवलं की या जीवाणूच्या एका घातक वाणात पीजेएम-१ नावाचा प्लाझ्मिड असतो. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. त्या कड्यावर सिडेरोफोर आणि त्याचं दार या जोडीची कृती लिहिलेली असते. या सिडेरोफोरला अँग्विबॅक्टिन असं नाव पडलं. प्लाझ्मिड निघून गेला की त्याच जीवाणूची मासा मारायची ताकद कितीतरी पटींनी घटते. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट पुढे आहे: माशाला आधी लोहाचं संयुग टोचलं, तर प्लाझ्मिड नसलेला दुबळा जीवाणूही पुन्हा घातक ठरतो. म्हणजे माशाच्या अंगात लोह मोकळं झालं की जीवाणूला हत्याराचीही गरज उरत नाही. टॉनिकच्या बाटलीकडे मी का घाबरून बघते ते यावरून कळेल.

याच जीवाणूवरच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. स्वतः चिमटा करता न येणारा पण दार शाबूत असलेला जीवाणू, चिमटा करणाऱ्या भाऊबंदांबरोबर माशात गेला तर तोही तग धरतो. दुसऱ्याने सोडलेला चिमटा तो आपल्या दारातून आत घेतो. शेजाऱ्याच्या मोटारीवर आपलं शिवार भिजवून घेण्यासारखंच झालं हे.

दुसरी वाट सरळ दरोड्याची. रक्तातलं बहुतेक लोह तांबड्या पेशींत आहे, मग पेशीच फोडायची. एरोमोनास एरोलायसिन नावाचं विष सोडतो. त्याचे सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, फुटते, हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडतं. हिमोग्लोबिनमधला हीम हा लोह धरलेला तुकडा अख्खाच्या अख्खा आत ओढायला अनेक जीवाणूंकडे वेगळं दार असतं. तिलापियावर येणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचीही रक्त फोडायची सवय प्रसिद्ध आहे, रक्ताच्या बशीत त्यातल्या अनेकांच्या भोवती स्वच्छ कडं उमटतं.

इथेच तुमच्या फिक्या कल्ल्यांचं बरंचसं उत्तर आहे. कल्ल्याला रंग रक्ताचा. पेशी फुटत असतील, चट्ट्यांतून आणि पोटात रक्त झिरपत असेल, तर कल्ले फिके पडणारच. याला 'रक्त कमी होणं' म्हणता येईल, पण खाद्यात लोह कमी पडल्याने हे झालेलं नाही. हौदाला तडा गेला असताना वरून पाणी सोडून काय होणार?

हे पडताळायची एक सोपी खूण सांगते. तळ्यावरून जिवंत आणलेल्या माशाच्या शेपटीच्या बुडातून सुईने थोडं रक्त घ्यायचं, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या बारीक काचेच्या नळीत भरायचं आणि फिरवायचं. खाली तांबड्या पेशींचा थर बसतो, वर द्रव राहतो. निरोगी कार्प माशात (रोहू, कटला, सायप्रिनस हे कार्पच) तांबडा थर साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो आणि वरचा द्रव फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. पेशी फुटणारा आजार असेल तर तांबडा थर बुटका होतो आणि वरचा द्रव गुलाबी ते लालसर दिसतो. रक्त घेताना सुई ओढाताणीने फिरवली तरीही द्रव गुलाबी होतो, म्हणून तीन-चार माशांचं पाहावं, आणि एखादा धडधाकट मासाही बरोबर घ्यावा.

तिसरी वाट लपून बसण्याची. एडवर्डसिएला नावाचा जीवाणू माशाच्या भक्षक पेशींच्या आतच राहतो, ज्या पेशी जीवाणू गिळायला असतात त्यांच्याच पोटात. पंगस आणि इतर मांगूरवर्गीय मासे पाळणाऱ्यांना तो माहीत असतो. या पेशी जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यांतलं लोह साठवतात, म्हणजे चोर थेट कोठीघरात. तिथल्या आम्ल, प्राणवायू कमी असलेल्या कोपऱ्यात लोह फेरस रूपात असतं, विरघळलेलं. त्याला चिमटा लागत नाही, साधं वेगळं दार पुरतं. हेप्सिडिनने कोठीघराला बाहेरून कडी घातली तरी हा आतच. म्हणून या जीवाणूचा आजार ओळखायला उशीर होतो आणि तो चिवटही असतो.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण मला यातलं तेच सर्वांत थक्क करणारं वाटतं. जीवाणूला कळतं कसं की आपण तळ्याच्या पाण्यातून माशाच्या अंगात आलो? लोहाच्या टंचाईवरून. त्याच्या आत फर नावाचं प्रथिन असतं. लोह मुबलक असताना ते लोह धरून डीएनएवर बसतं आणि चिमटे, दारं यांची कृती बंद ठेवतं. लोह संपलं की फर सुटतं आणि सगळी यंत्रणा एकदम सुरू होते. कित्येक जीवाणूंत विषं सोडण्याची कृतीही याच कळीला जोडलेली असते. म्हणजे शरीर ज्या टंचाईने जीवाणूला रोखायला बघतं तीच टंचाई त्याला जागं करते. म्हणून 'लोह दिलं की जीवाणू वाढतो, काढून घेतलं की मरतो' इतकं सरळ गणित मांडू नये. लढाई खेचाखेचीची आहे, आणि त्यात मासा तंदुरुस्त असेल तर बहुतेक वेळा तोच जिंकतो. एरोमोनास तुमच्या तळ्यात बाराही महिने असतो, माशाच्या आतड्यातही असतो. तरी बाकीचे दहा महिने मासे मरत नव्हते ना?

लोहाबद्दल एक गैरसमज उलट बाजूनेही होऊ देऊ नका. खाद्यातलं लोह मुद्दाम तोडलं तर संसर्ग थांबेल असंही नाही. मांगूरवर्गीय माशांवरच्या प्रयोगांत लोहाची उणीव असलेले मासे संसर्गात अधिक मेले, कारण लढणाऱ्या पेशींनाही लोह लागतंच. सायप्रिनसची गरज किलोभर खाद्यामागे साधारण १५० मिलिग्रॅम लोह अशी धरली जाते. पोत्यातल्या तयार खाद्यात मासळीकूट आणि खनिज मिश्रण असतं, त्यातून ती भागते. नुसत्या पेंड-कोंड्यावर मासे वाढवत असाल तर मासे तंदुरुस्त असताना, मोजून, नेहमीचं खनिज मिश्रण द्या. मरतूक चालू असताना वरून जादा लोह नको. जादा दिलेलं सगळं पचत नाही, आतड्यातच राहतं, आणि एरोमोनास तिथेच बसलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका तळ्यावर फिके कल्ले पाहून खनिज मिश्रण वाढवा असं सांगून आले होते. रक्त फिरवून पाहायचं सुचलं नाही. आठ दिवसांनी परत गेले तेव्हा काठावर मेलेल्या माशांचा खच होता. माझ्या सल्ल्यानेच ते मेले असं मी म्हणू शकत नाही, पण मोलाचे आठ दिवस माझ्यामुळे वाया गेले, हे खरं. तेव्हापासून नळी आणि सुई पिशवीत असतेच.

आता तळ्यावर काय करायचं. आजपासून खाद्य बंद, निदान तीन-चार दिवस. मेलेले मासे रोज दोनदा काढा आणि तळ्यापासून लांब चुना घालून पुरा. पहाटे पाच वाजता पाण्यावर या. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडतोय, आणि मला वाटतं तुमच्या गोष्टीची सुरुवात तिथेच झाली असावी. कागदाच्या तळ्यात पाझर नसतो, खाली विष्ठा आणि उरलेल्या खाद्याचा काळा थर साचतो, बागेला पाणी उपसलं की उरलेल्या पाण्यात मासे दाटीने राहतात. अशा दमलेल्या माशाचं कुलूप ढिलं पडतं. रात्री हवा देणारं यंत्र चालवा, नसेल तर पंपाने पाणी उचलून तळ्यातच फवाऱ्याने परत सोडा. तळचं काळं पाणी जमेल तेवढं काढून ताजं घ्या. भर बोअरच्या पाण्याची घालत असाल आणि त्या पाण्याने बादलीला तांबूस राप चढत असेल तर ते आधी उंचावरून पाडून, निवळून घ्या. त्यातलं लोह कल्ल्यांवर गंजून बसतं आणि मासा गुदमरतो. तेव्हा कल्ले तांबूस-तपकिरी दिसतात, तुमच्यासारखे पांढरे पडत नाहीत.

औषध तपासणीशिवाय नको. दुकानदाराने हातात दिलेलं प्रतिजैविक अंदाजाने टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. काठावर मरून पडलेला मासा तपासणीला उपयोगाचा नसतो, काही तासांत आतड्यातले जीवाणू सगळीकडे पसरतात. लक्षणं असलेले चार-पाच जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आणा. मूत्रपिंडातून जीवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते दोन-तीन दिवसांत कळतं. मिरजेपर्यंत येणं जमत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांनाही विचारता येईल.

या लोहाच्या लढाईचा उपयोग उपचारासाठी करायचे प्रयत्नही झालेत. सॅमनच्या फुरुन्क्युलोसिस रोगावर, लोहाची टंचाई करून वाढवलेल्या जीवाणूंची लस करून पाहिली गेली. टंचाईत जीवाणूच्या अंगावर जी दारं उमटतात तीच माशाच्या शरीराला आधी दाखवून ठेवायची, ही त्यामागची कल्पना. ट्राउट माशांत चांगल्या जीवाणूचे चिमटे वापरून वाईट जीवाणूला उपाशी ठेवण्याचेही प्रयोग झालेत. आपल्या कार्पसाठी बाजारात 'प्रोबायोटिक' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतून हेच घडेल असं समजून पैसे घालू नका.

तुमच्या गावात माणसांच्या रक्ताची तपासणी करणारी लॅब असेल तर हिमॅटोक्रिटची नळी, म्हणजे वर सांगितलेली बारीक काचेची नळी, आणि ती फिरवायचं यंत्र तिथे आहे का विचारा. मुलीला घेऊन जा, तिला सुई धरता येत असेल. तीन आजारी आणि एक धडधाकट अशा चार माशांच्या नळ्या फिरवून घ्या, पांढऱ्या कागदासमोर उभ्या धरून उजेडात फोटो काढा आणि पाठवा. तांबडा थर किती आणि वरचा द्रव पिवळा की गुलाबी, एवढं दिसलं की पुढचं सांगता येईल.